न लढणारा वळू

१९३५ सालातील एका दुपारी मन्रो लीफ या अमेरिकी लेखकाने पिवळ्या कागदांचे एक पॅड पुढे ओढले आणि तासाभराच्या आत एक गोष्ट लिहून संपविली. ती कोणत्याही मासिकाची मागणी नव्हती, की प्रकाशकाशी झालेला करार नव्हता. रॉबर्ट लॉसन या चित्रकार मित्राला मनमुराद रेखाटने करण्यास काही विषय मिळावा, एवढाच हेतू होता. कुत्री, उंदीर, ससे यांच्यावर बालवाङ्मयात पुष्कळ लिहून झाले होते, म्हणून लीफने वळू निवडला. वळू म्हटला की झुंज आली आणि झुंज म्हटली की स्पेन आला. अशा रीतीने अमेरिकेत बसून लिहिलेल्या या गोष्टीचे घर स्पेनच्या माळरानावर बांधले गेले. सप्टेंबर १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हायकिंग प्रेसने ती 'द स्टोरी ऑफ फर्डिनंड' या नावाने प्रसिद्ध केली. पहिली आवृत्ती ५,२०० प्रतींची होती. त्या हंगामात प्रकाशकांची भिस्त खरे तर दुसऱ्याच एका पुस्तकावर होती. पुस्तकांच्या धंद्यातील अंदाज हे बाजारातील अंदाजांइतकेच भरवशाचे असतात!

गोष्ट अगदी साधी आहे. स्पेनमधील एका कुरणात गोऱ्ह्यांचा कळप आहे. सारे गोऱ्हे दिवसभर उड्या मारतात, धावतात, एकमेकांशी टकरी घेतात. माद्रिदच्या रिंगणात झुंजावयास मिळावे, हे त्या प्रत्येकाचे स्वप्न. फर्डिनंड तेवढा निराळा. त्याला बुचाच्या झाडाखाली निवांत बसून फुलांचा वास घेणे आवडते. आईला काळजी वाटते. लेकरू एकटे तर पडत नाही ना, असे तिच्या मनात येते. ती त्याला विचारते आणि त्याचे उत्तर ऐकून घेते. तो सुखात आहे, अशी खात्री पटल्यावर ती त्याला त्याच्या वाटेने जाऊ देते.

वर्षे सरतात. फर्डिनंड थोराड, बलदंड वळू होतो. एके दिवशी विचित्र टोप्या घातलेली पाच माणसे माद्रिदच्या झुंजीसाठी सर्वांत दांडगा वळू निवडण्यास येतात. कळपातील इतर वळू आपापला पराक्रम दाखवू लागतात. फर्डिनंड नेहमीप्रमाणे झाडाखाली बसावयास जातो आणि नेमका एका भुंग्यावर बसतो. भुंगा कडाडून डंख मारतो. वेदनेने फर्डिनंड फुत्कारत, माती उडवीत, वेड्यासारखा धावत सुटतो. पाचही जण हर्षभरित होतात, कारण त्यांना हवा होता तसाच वळू सापडलेला असतो!

पुढे गाडीतून माद्रिद, वाजतगाजत निघालेली मिरवणूक, टोकदार काठ्या घेतलेले लोक, भाले घेतलेले घोडेस्वार, लाल कापड आणि तलवार घेतलेला मॅटॅडोर, प्रेक्षकांनी खच्चून भरलेले रिंगण. फर्डिनंड धावत मध्यभागी येतो. सारे जण श्वास रोखतात. त्याचे लक्ष मात्र प्रेक्षकांतील स्त्रियांनी केसांत माळलेल्या फुलांकडे जाते. तो तेथेच शांतपणे खाली बसतो आणि वास घेऊ लागतो. डिवचले तरी उठत नाही, शिंग उगारत नाही. मॅटॅडोरला आपले कौशल्य दाखविता येत नाही म्हणून रडू कोसळते. अखेर लोक कंटाळून फर्डिनंडला घरी आणून सोडतात आणि तो पुन्हा आपल्या झाडाखाली जाऊन बसतो.

लॉसनची चित्रे केवळ काळ्या शाईची आहेत. रंग नसूनही त्यांत ऊन जाणवते. येथे झाडाविषयी थोडा खुलासा केला पाहिजे. महाराष्ट्रातील रस्त्यांच्या कडेला पांढऱ्या, लांब देठांच्या सुवासिक फुलांचा सडा घालणारे जे बुचाचे झाड आपण ओळखतो, ते हे नव्हे. स्पेनमधील हे झाड ओकच्या कुळातील असून बाटल्यांची बुचे त्याच्या जाड सालीपासून कापून काढतात. लॉसनने मात्र खट्याळपणे ती तयार बुचे फळांच्या घोसांसारखी फांद्यांना लटकविली आहेत. लहान मूल त्या घोसांकडे पाहून प्रश्न विचारीत नाही. झाडाला बुचे लागणारच, असे त्याला वाटते. हसू येते ते त्याला पुस्तक वाचून दाखविणाऱ्या मोठ्या माणसाला. या पुस्तकात अशा दोन वयांसाठीच्या जागा पानोपानी आहेत.

लॉसनबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पहिल्या महायुद्धात तो अमेरिकी सैन्याच्या छद्मावरण विभागात होता. तोफा, छावण्या, वाहने शत्रूच्या नजरेस पडू नयेत म्हणून ती रंगवून, झाकून लपविणे हे त्या विभागाचे काम. युद्धासाठी ज्याने एके काळी हात राबविला, त्याच हाताने झुंज नाकारणारा हा वळू रेखाटला. पुढे चित्रांसाठीचे कॅल्डेकॉट पदक आणि लेखनासाठीचे न्यूबेरी पदक, हे अमेरिकी बालसाहित्यातील दोन्ही सर्वोच्च सन्मान त्याला मिळाले.

पुस्तक दुकानात आले ती वेळ विलक्षण होती. त्यापूर्वी दोनच महिने, जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले होते. लीफने गोष्ट लिहिली तेव्हा त्याच्या मनात हे युद्ध असणे शक्यच नव्हते. परंतु वाचकांच्या मनात ते होते. स्पेनमधील वळू लढण्यास नकार देतो, याचा अर्थ काय? कोणी त्यात साम्यवादाचा प्रचार पाहिला, कोणी फॅसिझमचा, कोणी युद्धविरोधी चिथावणी. परस्परांचे गळे धरणाऱ्या पक्षांना एका बालपुस्तकात आपापला शत्रू दिसावा, ही गोष्ट पुस्तकापेक्षा वाचणाऱ्यांविषयीच अधिक सांगते. फ्रँकोच्या स्पेनमध्ये आणि हिटलरच्या जर्मनीत त्यावर बंदी आली. लीफचे म्हणणे एवढेच होते की, मुलांना हसविण्यासाठी लिहिलेली ही गोष्ट आहे. अमेरिकेत १९३८ मध्ये हे पुस्तक 'गॉन विथ द विंड' या गाजलेल्या कादंबरीलाही खपात मागे टाकू लागले. त्याच वर्षी वॉल्ट डिस्नेने त्यावर छोटा व्यंगचित्रपट केला आणि त्याला ऑस्कर मिळाले. २०१७ साली आलेला पूर्ण लांबीचा 'फर्डिनंड' आजच्या अनेक घरांतील नातवंडांनी पाहिलेला असेल. तो करमणूक चांगली करतो; पण दीड तास भरून काढण्यासाठी त्याला पाठलाग आणि धावपळ आणावी लागली. ज्याचा नायक बसून राहतो, त्या गोष्टीवर हा थोडा अन्यायच झाला.

अर्नेस्ट हेमिंग्वे हा झुंजींचा मोठा भोक्ता. त्याने १९५१ मध्ये 'द फेथफुल बुल' नावाची एक छोटी कथा लिहिली. आपला वळू फर्डिनंड नव्हे आणि त्याला फुलांशी काही कर्तव्य नाही, हे तो आरंभीच बजावतो. त्याचा वळू लढण्यावर प्रेम करतो, एकाच गाईशी एकनिष्ठ राहतो, म्हणून मालकाच्या उपयोगाचा ठरत नाही. मग त्याला रिंगणात पाठवितात. तेथे तो थोर लढतो आणि मरतो. त्याला मारणारा मॅटॅडोर त्याची वाहवा करतो.

या ठिकाणी एक कटू सत्य सांगणे भाग आहे. स्पेनच्या खऱ्या रिंगणात फर्डिनंडसारखा वळू उतरला, तर त्याला घरी नेऊन सोडत नाहीत. न लढणाऱ्या वळूला रिंगणातून परत मागच्या गोठ्यात हाकलतात आणि तेथे त्याची कत्तल होते. जीवदान क्वचित मिळते, तेही केवळ असामान्य आवेशाने लढणाऱ्या वळूला. म्हणजे नियम असा की, जो मारण्यास धावतो त्याला कधीतरी क्षमा मिळू शकते. जो धावत नाही त्याला कधीच नाही. लीफच्या पुस्तकातील शेवटचे पान ही या हिशेबाने पाहता उघड उघड खोटी नोंद आहे. तरीही ती पुसावी असे कोणाही वाचकाला वाटत नाही, कारण त्या पानापुढे खरा नियमच लाजिरवाणा दिसू लागतो.

आपल्याकडे वळू आणि बैल हे शेतीचे, पोळ्याचे, गोंड्यांचे आणि झुलीचे प्राणी. पण टकरी लावण्याची हौस आपल्यालाही परकी नाही. गोव्यातील धिर्यो नव्वदच्या दशकात उच्च न्यायालयाने बंद केली, तरी तिच्या बाजूने बोलणारे आजही आहेत. आणि मंदिरात भगवान ऋषभदेवांच्या मूर्तीखाली लांछन म्हणून कोरलेला वृषभ ज्यांनी लहानपणापासून पाहिला आहे, त्या घरांतील मुलांना शांत वळूचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. त्यांना नवल वाटेल ते रिंगणाचे.

मात्र या पुस्तकाला अहिंसेवरील प्रवचन समजणे चुकीचे ठरेल. फर्डिनंड कोणाला उपदेश करीत नाही. टकरी घेणाऱ्या गोऱ्ह्यांना तो कमी लेखत नाही, मॅटॅडोरचा द्वेष करीत नाही, जिंकल्याचा आनंदही मानत नाही. त्याला भीती वाटते म्हणून तो बसत नाही. अंगात ताकद आहे, ती वापरण्याची इच्छा नाही. दुबळ्याने न लढणे आणि समर्थाने न लढणे यांतील फरक मोठमोठ्या ग्रंथांनी समजावून सांगितला आहे. येथे तो एका बसकणीत दिसतो.

वाचकाचे वय बदलते तसे त्याचे लक्ष वेगळ्या पानावर थांबते. चार वर्षांच्या मुलाला भुंग्याचे पान पुन्हा पुन्हा हवे असते. नोकरीच्या उंबरठ्यावरील तरुणाने त्या पाच टोपीवाल्यांकडे नीट पाहावे. त्यांच्यापैकी एकानेही फर्डिनंडला याआधी पाहिलेले नाही. कोणी मालकाला विचारीत नाही, कोणी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही. वेदनेचा एक क्षण त्यांना स्वभाव वाटतो आणि त्यावरून त्याला उग्र वळू म्हणून बिरुद चिकटविले जाते. ज्यांनी कचेऱ्यांमधून वर्षानुवर्षे गोपनीय अहवाल लिहिले, त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. एखाद्या दिवशी चढलेला आवाज कर्मचाऱ्याच्या नावापुढे कायमचा नोंदला जातो. त्या दिवशी त्याला कोणता भुंगा चावला होता, ते विचारण्यासाठी अहवालात रकाना नसतो.

आणि जे आई-वडील आहेत त्यांची नजर पहिल्या काही पानांवरच अडते. लेखकाने गाईच्या समजूतदारपणाचे कौतुक करताना तिच्या गाय असण्यावरून एक कोपरखळी मारली आहे. आपल्याकडे ती कदाचित कोणाला रुचणार नाही. पण हे पात्र त्याने किती अचूक रेखाटले आहे! ती काळजी करते, म्हणजे उदासीन नाही. शेजारचे गोऱ्हे काय करतात हे तिला दिसते, म्हणजे तुलनेपासून तीही सुटलेली नाही. फरक इतकाच की ती लेकराला विचारते, आणि मिळालेले उत्तर हे उत्तर मानते. शिकवणीचे वर्ग, स्पर्धा परीक्षा, क्रमांक, इतरांच्या मुलांचे टक्के यांत बुडालेल्या किती घरांत मुलाला प्रश्न विचारला जातो? आणि विचारला तरी त्याचे उत्तर आधीच ठरलेले नसते, अशी घरे किती? फर्डिनंड रिंगणात बसू शकला, त्याचे मूळ या लहानशा संभाषणात आहे. घरी ज्याला बसू दिले, तोच पुढे हजारो डोळ्यांसमोर बसू शकला.

या गोष्टीच्या प्रवासातील सर्वांत उल्लेखनीय मुक्काम जर्मनीत आहे. येला लेपमान ही श्टुटगार्टमध्ये जन्मलेली ज्यू पत्रकार. पती लवकर निवर्तल्यामुळे दोन मुलांना तिने एकटीने वाढविले. नाझी राजवटीत १९३६ साली, म्हणजे फर्डिनंड प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, तिला मुलांसह देश सोडून इंग्लंड गाठावे लागले. १९४५ च्या अखेरीस ती परतली तेव्हा अंगावर अमेरिकी सैन्याचा गणवेश होता. स्त्रिया आणि मुले यांच्या प्रश्नांवर सल्ला देण्यासाठी तिला नेमले होते. ज्या देशाने तिच्या माणसांना संपविण्याचा चंग बांधला होता, त्याच देशाच्या मुलांसाठी काम करावयाचे होते. तिची पावले अडखळली नसती तरच नवल.

शहरे जमीनदोस्त झाली होती. मुले ढिगाऱ्यांतून फिरत होती. बारा वर्षे त्यांना जी पुस्तके दिली गेली, ती द्वेषाची आणि युद्धाच्या गौरवाची होती. लेपमानने मागणी केली ती पुस्तकांची. पोटाला भाकर हवी तशी मनालाही हवी आणि विस्कटलेले जग सुरळीत करावयाचे तर प्रारंभ मुलांपासूनच झाला पाहिजे, अशी तिची धारणा होती. हाताशी निधी नव्हता. म्हणून तिने वीस देशांना पत्रे लिहून त्यांच्या उत्तमोत्तम बालपुस्तकांची विनामूल्य मागणी केली. बेल्जियमकडून प्रथम नकार आला. जर्मनांनी दोन वेळा तो देश तुडविला होता. नकार समजण्यासारखा होता. लेपमानने पुन्हा लिहिले. तिसऱ्यांदा तसे होऊ नये, यासाठीच ही पुस्तके हवीत, असा तिच्या विनंतीचा आशय होता. बेल्जियमने पुस्तके पाठविली, आणि तीही निवडक, सुंदर.

जुलै १९४६ मध्ये म्युनिकच्या हाऊस डेर कुन्स्ट या इमारतीत ते आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. नाझींच्या पसंतीची कला मिरविण्यासाठी ही वास्तू उभारलेली होती आणि १९३७ साली स्वतः हिटलरने तिचे उद्घाटन केले होते. तेथे आता शत्रुराष्ट्रांची चित्रपुस्तके मांडलेली होती आणि मुले ती हाताळून पाहत होती. याच खटपटीतून १९४९ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने म्युनिकचे आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभे राहिले. आज ते ब्लुटेनबुर्गच्या किल्ल्यात आहे. बालसाहित्यातील सर्वोच्च मानला जाणारा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची स्थापनाही १९५३ मध्ये तिच्याच पुढाकाराने झाली.

प्रदर्शन शहराशहरांतून फिरत १९४६ च्या नाताळात बर्लिनला पोहोचले. येणारी मुले पुस्तके घरी नेण्यासाठी हट्ट धरीत, आणि देण्यासारखे तर काही नव्हते; प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत होती. लेपमानने एका रात्रीत 'फर्डिनंड'चे जर्मन भाषांतर केले. चांगला कागद मिळणे अशक्य होते, म्हणून वर्तमानपत्राच्या कागदावर त्याच्या ३०,००० प्रती छापून घेतल्या आणि मुलांना फुकट वाटल्या. शेकडो पुस्तकांतून तिने हेच निवडले. ज्या मुलांच्या वडिलांना आणि थोरल्या भावांना उग्र म्हणून निवडून, वाजतगाजत रिंगणात धाडले गेले होते, आणि ज्यांतील अनेक परतले नव्हते, त्या मुलांच्या हाती तिने रिंगणातून घरी परतलेल्या वळूची गोष्ट दिली.

तो हिवाळा कडाक्याचा होता. सरपणासाठी बर्लिनकरांनी टिअरगार्टन या आपल्या लाडक्या उद्यानातील जवळजवळ सारी झाडे तोडली होती. त्या बोडक्या शहरातून मुले काखेत पातळ कागदाचे पुस्तक घेऊन घरी जात होती. पुस्तकाच्या पानावर एक मोठे झाड होते, आणि त्याखाली कोणीतरी निवांत बसले होते.